विटेची सावली

अहमदाबादचा वैशाख ज्यांनी एकदा सोसला आहे, त्यांना सावलीची किंमत सांगायला नको. अशा या गावात १९६१ साली व्यवस्थापनशास्त्राची संस्था निघाली. तिच्या इमारतींसाठी स्थपती बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये अमेरिकेतून लुई कान यांना पाचारण करण्यात आलं.

वाचकहो, या गृहस्थांनी काय केलं पाहा. काच त्यांनी उन्हात ठेवलीच नाही. बाहेर विटेची जाडजूड भिंत, तिला मोठमोठी गोल भगदाडं, आणि खिडकी त्यांच्यामागे, आत, सावलीत. ऊन बाहेरच्या भिंतीवर थबकतं. खोलीत येतो तो निवलेला उजेड. वसतिगृहं तिरकी मांडली, कारण नैर्ऋत्येचा वारा सगळ्यांना मिळायला हवा. आपल्या वाड्यातली ओसरी तरी दुसरं काय करीत होती म्हणा! कान मात्र १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादेहून परतताना न्यूयॉर्कच्या स्टेशनावरच वारले.

पण इमारत गार राहिली म्हणजे ती टिकलीच, असं नव्हे. इथे विटांच्या बांधकामात लोखंडी सळ्या घातल्या होत्या. विटेतून ओल झिरपली की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वीट फोडून बाहेर येते. त्यात २००१ चा भूकंप झाला. ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांनी केली; तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही लाभला. तरीसुद्धा डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहं पाडण्याचा बेत जाहीर केला. जगभरच्या स्थपतींनी ओरड केली, तेव्हा १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेतला गेला.

पोरांच्या डोक्यावर विटांचे तुकडे पडू लागले तर संस्थेने काय करावं, हा प्रश्न खराच. त्याला हसण्यात अर्थ नाही. पण मला वाटतं, हिशेब अर्धाच मांडला जातो. लाखो विटा भाजायला भट्टीत इंधन जळलं, ते एकदाच. इमारत शंभर वर्षं उभी राहिली तर ते शंभर वर्षांवर वाटलं जातं, साठाव्या वर्षी पाडली तर उरलेलं मातीत जातं, आणि नव्या इमारतीसाठी भट्टी पुन्हा पेटवावी लागते. सावलीने वाचवलेली वीज त्या भट्टीपुढे किती पुरणार?

नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने वसतिगृहं नव्याने बांधण्याचा विचार पुन्हा जाहीर केला.