सुलतान बाजार

हैदराबाद शहरातील मुसी नदीच्या उत्तरेकडील एक जुनी व्यापारी पेठ. कोठी, बडी चावडी, हनुमान टेकडी, इसामिया बाजार हे मोहल्ले तिच्या लगत असून, 1933 पर्यंत ती रेसिडेन्सी बाजार या नावाने ओळखली जात असे. निजामाच्या राजधानीत वसलेली असूनही तिच्यावर निजामाचा अंमल नव्हता. दिवाणी, फौजदारी आणि पोलीस हे तिन्ही अधिकार निजामाच्या दरबारी नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीकडे, म्हणजे रेसिडेंटाकडे, होते, आणि तिच्या सांस्कृतिक इतिहासाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

पेठेचा उगम रेसिडेन्सीच्या वाड्यात, म्हणजे लोकांच्या भाषेत कोठीत, आहे. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाच्या कारकीर्दीत, 1803 च्या सुमारास, निजामाच्या द्रव्यातून या वास्तूचे काम सुरू झाले. तिच्या उत्तराभिमुख दर्शनी भागात सहा प्रचंड कॉरिंथियन स्तंभ, त्यांवरील त्रिकोणी शिखरपट्टीत ईस्ट इंडिया कंपनीचे राजचिन्ह आणि रुंद पायऱ्यांच्या दोहों अंगांस बसविलेले सिंह आजही पाहावयास मिळतात. वाड्याच्या आश्रयाने सावकार, सराफ व कापडवाले येथे येऊन राहिले. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा समोरच्या पुतळी बावडीकडील सावकारांच्या घरांतूनच त्यांनी मारा केला. उठाव फसला, त्याचे स्मारक कोठीच्या चौकात आहे.

निजामाच्या संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी या बहुसंख्य प्रजेच्या भाषा असताना दरबारची भाषा प्रथम फार्सी आणि 1884 च्या सुमारास उर्दू झाली. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले. सभा भरवावयाची तर सरकारी परवानगी लागे, आणि पुढे गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकाने हा जाच अधिकच वाढविला. अशा मुलखात, जेथे संस्थानी पोलिसांचा हात सहसा पोहोचत नसे, त्या रेसिडेन्सी हद्दीत वा तिच्या आसपास लोकभाषांच्या व समाजसुधारणेच्या संस्था एकामागून एक उभ्या राहाव्यात, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणवत नाही. 1892 मध्ये आर्य समाज, 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय, आणि 1907 मध्ये लगतच्या जामबागेत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या प्रयत्नाने चालू झालेली विवेकवर्धिनी पाठशाळा ही त्यांपैकी प्रमुख होत. आंध्र भाषा निलयमच्या संस्थापकांतील कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरास झाले होते व मराठीत ते लेखन करीत, हे मराठी वाचकाने विसरू नये.

याच विवेकवर्धिनीच्या प्रांगणात नोव्हेंबर 1921 मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. इंग्रजी, उर्दू व मराठी भाषणे सभेने शांतपणे ऐकून घेतली. परंतु आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूतून बोलावयास उभे राहताच श्रोत्यांतील मराठी मंडळींनी गलका करून त्यांना बोलू दिले नाही. स्वभाषेची उपेक्षा स्वतः सोसणाऱ्यांकडून हे घडावे, ही आपल्या इतिहासातील खेदाची नोंद आहे आणि ती झाकून ठेवण्यात काहीच भूषण नाही. अपमानित तेलुगू कार्यकर्त्यांनी तत्काळ आंध्र जनसंघ स्थापिला. त्यातूनच पुढे आंध्र महासभेची चळवळ वाढली.

1933 मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाच्या हवाली करण्यात आला व त्यास सुलतान बाजार हे नाव मिळाले. त्याच वर्षी चादरघाटची स्वतंत्र म्युनिसिपालिटीही हैदराबादेत विलीन झाली. कोठीच्या वास्तूत 1949 पासून स्त्रियांचे महाविद्यालय नांदते; त्याचेच आता विद्यापीठात रूपांतर झाले आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा हैदराबादचे मराठीभाषक एका तेलुगू राज्याचे अल्पसंख्य नागरिक झाले. तथापि विवेकवर्धिनी चालूच राहिली, आणि इसामिया बाजारातील मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’ हे नियतकालिक चालवून तेलुगू, कानडी, उर्दू व हिंदी साहित्याशी मराठीचा संबंध राखला. साड्या, बांगड्या आणि जुनी पुस्तके यांच्या खरेदीसाठी पेठेत आजही दाटी असते. फेब्रुवारी 2020 पासून मेट्रो रेल्वेचे स्थानकही येथे आहे. रस्ता अरुंद असल्याने त्या मार्गास येथील व्यापाऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला होता.