कोंड्यातले सत्त्व

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा आपल्या रोजच्या भाताविषयीच चार शब्द लिहिते.

माझे माहेर व सासर दोन्ही कोकणातले. लहानपणी आजोळी आजी पहाटे उठून उखळात भात कांडीत असे. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. पुढे गावात भातगिरणी आली आणि बायकांच्या हातांना विसावा मिळाला. गिरणीचे हे उपकार मी विसरत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई उकड्या तांदळाचा भात व पेज करीत. पाहुण्यांपुढे तो जाडा, तांबूस भात वाढायला मला लाज वाटे. संसार हाती येताच मी साधे भात गिरणीतून दोनदा पॉलिश करून आणू लागले. कोंडा म्हशीला आणि पांढरा भात मुलांना! सासूबाई एवढेच म्हणाल्या, "सत्त्व सगळं म्हशीला घातलंस गो." मी ते हसण्यावारी नेले.

पुढे वाचनालयातल्या एका पुस्तकात जावा बेटाची हकीकत वाचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे वाफेच्या भातगिरण्या आल्या आणि शिपाई, कैदी यांच्यात बेरीबेरी रोग फार वाढला. पाय बधिर होत, अंग सुजे, शेवटी हृदय थकून माणूस जाई. १८८६ साली आइकमन नावाचे डच डॉक्टर या रोगाचा जंतू शोधायला तेथे गेले. एकदा त्यांच्या प्रयोगाच्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या! चौकशीअंती कळले, की मधल्या काळात त्यांना इस्पितळातला उरलेला पांढरा भात घालीत होते. नव्या स्वयंपाक्याने तो देण्याचे नाकारले, तेव्हा कोंड्यासकट तांदूळ पुन्हा सुरू झाला होता.

मग व्होर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने जावातले तुरुंग तपासले. पांढरा तांदूळ होता तेथे ३९ कैद्यांत एकाला बेरीबेरी. कोंड्यासकट तांदूळ होता तेथे १०,००० त एकाला! १९०१ साली ग्रीन्स यांनी सांगितले, की कोंड्यात शरीराला अवश्य असे काही असते. तेच आजचे ब-१ जीवनसत्त्व. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच पुस्तकात मलायाची गोष्ट होती. तेथे पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने आजारी पडत. उकडा खाणारे तमिळ मजूर बहुधा वाचत. भात भिजवून उकडले, की कोंड्याजवळचे सत्त्व दाण्यात उतरते आणि गिरणीत घातले तरी पुष्कळसे टिकते. हे वाचले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. त्यांना सांगायचे राहूनच गेले.

आपण भाताबरोबर डाळ, उसळ, भाजी खातो, म्हणून त्या कैद्यांसारखी पाळी आपल्यावर येत नाही. पण जिच्या घरी भातावरच पोट भरावे लागते, तिने तरी कोंडा सगळा घालवू नये. पुन्हा मुसळ हाती घ्या, असे मी म्हणत नाही. आजीचे हात मी पाहिले आहेत. गिरणीवाल्याला "पॉलिश नको" एवढे सांगावे, तांदूळ फार चोळून धुऊ नये, पेज ओतून टाकू नये.

आमच्या घरी उकडा पुन्हा सुरू झाला आहे. पाहुण्यांनाही तोच वाढते.