वजनाचा हिशेब

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी माझी मोठी गाडी देऊन टाकली. आठ सिलिंडर, चारशेच्या वर अश्वशक्ती आणि वजन सतराशे किलो. तिच्या बदल्यात घरी आली ती तिशी ओलांडलेली दोन माणसांची माझ्दा एमएक्स-५: १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत, आणि हातानं मागं ढकलायचं कापडी छत. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात मी पस्तीस वर्षं राहतोय, त्यातली बरीचशी यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली. त्यामुळे शेजाऱ्यांना वाटलं की पेन्शनीत भागत नसावं. बायकोनं मात्र गाडीभोवती एक फेरी मारून एवढंच विचारलं, "आणि आपटली तर?"

मी हसण्यावारी नेलं खरं, पण प्रश्न रास्त होता. पुढं हिवाळाभर हलक्या गाड्यांचा इतिहास वाचताना तो माझ्या मानगुटीवर बसून होता.

मराठी वाचकाला हलकं विरुद्ध भारी म्हटलं की लगेच गनिमी कावा आठवतो. तो मोह मी आवरतो. हलक्या घोडदळामागं दाणावैरण, डोंगर आणि मुलूख यांचं गणित होतं, मोटारीचं गणित निराळं आहे. ते सांगायचं तर असं. जास्त शक्तीचा उपयोग मुख्यतः सरळ रस्त्यावर होतो. वजनाचा भार मात्र सगळीकडे पडतो: वेग घेताना, ब्रेक दाबताना, वळताना. आणि टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणजे जड गाडी वळणावर आपल्याच वजनाशी झगडत असते. हे कळायला विद्यापीठ लागत नाही, भरलेली हातगाडी उतारावर वळवून पाहिलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं.

तरीही शर्यतीच्या जगाला ते पटायला १९५८ साल उजाडावं लागलं. त्यापूर्वीची समजूत सोपी होती: इंजिन मोठं करा, ते पुढं ठेवा, बाकीचं चालकावर सोडा. एन्झो फेरारींचा तर बैल गाडीच्या पुढंच जुंपायचे असतात यावर ठाम विश्वास होता. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी युद्ध संपल्यावर ५०० सीसीच्या छोट्या शर्यती गाड्या बांधायला घेतल्या, तेव्हा त्यांच्यापाशी कुठलंही तत्त्वज्ञान नव्हतं. फियाटच्या छोट्या टोपोलिनो गाड्यांचे दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले, त्यात मोटारसायकलचं इंजिन बसवलं. इंजिनाची साखळी मागच्या चाकांना जोडायची तर इंजिन मागं असणं सोयीचं, म्हणून ते मागं गेलं. क्रांती म्हणून ज्याचा पुढं गवगवा झाला, ती अशी साखळीच्या सोयीनं आली.

पुढं त्यांना इंजिनं मिळाली ती कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीची. ही कंपनी फोर्कलिफ्ट आणि आग विझवायचे पंप बनवायची. आगीच्या ठिकाणी पंप माणसांनी उचलून न्यायचा, म्हणून सरकारला इंजिन हलकं हवं होतं; त्यातून अ‍ॅल्युमिनियमचं एक छोटं इंजिन तयार झालं आणि शर्यतवाल्यांनी ते हेरलं. कॉव्हेंट्री माझ्या घरापासून फार लांब नाही. बंबवाल्यांच्या पाठदुखीची काळजी वाहताना मोटारशर्यतीचा इतिहास फिरला, याची मला अजून गंमत वाटते.

१९ जानेवारी १९५८. ब्वेनोस आयरेसला अर्जेंटिनाची ग्रां प्री. रॉब वॉकर यांच्या खासगी संघाच्या एका कूपरमध्ये स्टर्लिंग मॉस बसला होता. इंजिन जेमतेम दोन लिटरचं. समोर २.४ लिटरच्या फेरारी, शक्तीनं किती तरी वरचढ. कूपरला आणखी एक अडचण होती. तिची चाकं चार-चार बोल्टांनी बसवलेली, त्यामुळं टायर बदलायचे तर मिनिटं जाणार, जिथं इतरांचं काम काही सेकंदांत आटोपायचं. मॉसच्या लोकांनी मग नाटक केलं. टायर मांडून ठेवले, बदलायची तयारी दिसेल असं पाहिलं. फेरारीवाले निर्धास्त राहिले की हा थांबणारच. तो थांबलाच नाही. हलक्या गाडीनं टायर कमी झिजवले होते आणि मॉसनं उरलेले जपून वापरले. शेवटच्या फेऱ्यांत रबर जाऊन आतलं कापड दिसू लागलं होतं. लुइजी मुस्सोची फेरारी २.७ सेकंदांनी मागं राहिली. इंजिन मागं असलेल्या गाडीनं जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकल्याची ही पहिलीच वेळ. पुढची, मोनॅकोची, शर्यतही वॉकर यांच्याच कूपरनं जिंकली, मोरिस त्रँतिन्यॉंच्या हातून. १९५९ आणि १९६० ची अजिंक्यपदं जॅक ब्रॅबहॅमनं कूपरमधूनच मिळवली, आणि १९६१ साली फेरारींचे बैलही गाडीच्या मागं गेले.

कूपर पितापुत्रांना हलकेपणा सापडला, कॉलिन चॅपमननं त्याचा धर्म केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाचं अभियांत्रिकी शिकलेला हा मुलगा १९४८ साली मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून गाडी बांधत होता. तीच पहिली लोटस. आधी सोपं करा, मग हलकेपणा वाढवा, हे वाक्य त्याच्या नावावर खपतं. तशाच अर्थाचं वाक्य त्याआधी अमेरिकी विमानरचनाकार विल्यम स्टाउट यांच्या नावावर आहे. विमानाकडून घेतलेलं असलं तरी मोटारीत ते चॅपमननंच पुरतं उतरवलं. पुलाचा हिशेब करणाऱ्याची नजर त्याला होती: ज्या नळीवर भार येत नाही ती काढून टाका, एका भागाकडून दोन कामं करून घ्या. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्यानं नळ्यांचा सांगाडाच काढला आणि गाडीचं अंग हाच तिचा सांगाडा केला. गाडी हलकी झाली, शिवाय कित्येक पट ताठ. १९६३ साली जिम क्लार्कनं तिच्यातून दहापैकी सात शर्यती जिंकल्या. त्याच १९६२ साली रस्त्यावर लोटस एलान आली. सत्तावीस वर्षांनी शिकागोच्या प्रदर्शनात मांडलेल्या माझ्दा एमएक्स-५ चं मूळ तिच्यातच आहे, आणि म्हणून माझ्या अंगणात आज जे उभं आहे त्याचंही.

इथवर वाचून मी बायकोला उत्तर द्यायला निघालो होतो. पण पुढची पानं तिच्या बाजूची आहेत.

जून १९६०, बेल्जियममधलं स्पा. सरावात मॉसच्या लोटसचं मागचं चाक वेगात असताना निखळलं. त्याचे पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं आणि त्याची कारकीर्द तिथंच संपली. पुढं त्यानं कंपनीला कोर्टात खेचलं. दुसऱ्या दिवशी शर्यतीत अ‍ॅलन स्टेसी लोटसमध्येच गेला, पण त्याच्या तोंडावर पक्षी आदळला होता. तो दोष वजनाचा म्हणता येत नाही. संशोधनाच्या नावाखाली सगळीच प्रेतं एका दारात आणून ठेवणं मला मान्य नाही.

योखेन रिंटचं मात्र तसं नाही. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत ग्रॅहॅम हिल आणि रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख मोडले. दोघं वाचले. त्यानंतर रिंटनं चॅपमनला पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा, की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमकुवत भाग मजबूत करायला थोडं वजन वाढवलं तरी आपण स्पर्धेत राहू. गाडीवर विश्वास असेल तरच मी ती चालवू शकतो, आणि तो विश्वास संपत आलाय. मला हे पत्र तांत्रिक टिपणासारखं वाटतं. त्यात आक्रोश नाही. एक माणूस आपल्या जिवाच्या बदल्यात काही पौंड मागतो आहे, तेही शर्यत हरणार नाही अशी हमी देऊन.

५ सप्टेंबर १९७०. मोन्झाच्या सरावात सरळ रस्त्यावर जास्त वेग मिळावा म्हणून त्याच्या लोटस ७२ चे पंख काढले होते. हलकेपणानं वळणं जिंकणारी गाडी, आणि ऐन वेळी मोह पडला तो सरळ रस्त्याच्या वेगाचाच. पाराबोलिका वळणाआधी ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढली जाऊन कठड्यात शिरली. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला असा तपासाचा निष्कर्ष निघाला. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंटच्या गुणांना उरलेल्या मोसमात कुणी गाठू शकलं नाही. मरणोत्तर अजिंक्य ठरलेला फॉर्म्युला वनचा तो आजवरचा एकमेव चालक.

मापं तपासण्याच्या माझ्या नोकरीत एक प्रश्न रोज यायचा: हा भाग किती बारीक चालेल? उत्तर कागदावर असायचं, आणि त्या कागदावर कुणाची तरी सही असायची. चॅपमनकडे सही करणारा आणि बारीक करणारा एकच होता. त्याच्या प्रतिभेबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण रिंटचं पत्र त्याला मिळालं होतं हे मी विसरू शकत नाही.

फेब्रुवारीत मी एमएक्स-५ गॅरेजवाल्याकडे नेली आणि आसनांच्या मागं पोलादी रोलबार बसवून घेतला. साधारण पंधरा किलो वजन वाढलं. गॅरेजवाला तरुण आहे. तो म्हणाला, "एवढं वजन वाढवून गाडीची मजा घालवताय." परतताना नेहमीचा वळणांचा रस्ता घेतला. फरक जाणवतो का ते पाहत होतो. चौथ्या वळणापर्यंत जाणवला, मग विसरलो. घरी आल्यावर बायकोनं दांडा हातानं हलवून पाहिला. हलला नाही, तेव्हा ती पहिल्यांदा गाडीत बसली.