वॉल्व्ह स्टेम सील : अवजड डिझेल इंजिनातील गळती

वॉल्व्ह स्टेम सील : सिलिंडर हेडमध्ये वॉल्व्हच्या दांड्यावर, गाइडच्या वरच्या टोकाला बसणारी छोटी रबरी टोपी. रॉकरखाली उडणारे ऑइल गाइडवाटे खाली किती उतरावे, हे ती ठरवते. ऑइल पूर्ण अडवणे हे तिचे काम नाही. दांडा आणि गाइड यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहावाच लागतो, नाहीतर दांडा गाइडमध्ये जाम होतो. गळती म्हणजे हा थर जाड होणे. मग ऑइल सिलिंडरमध्ये जळते आणि गाडी ‘ऑइल खाऊ’ लागते.

वाशीम जिल्ह्यात ही तक्रार अनेक प्रकारच्या यंत्रांत येते : अकोला–वाशीम–हिंगोली रस्त्यावरचे ट्रक, एसटी, पाण्याचे टँकर, बोअरच्या गाड्या आणि सोयाबीनच्या काढणीला परप्रांतातून येणारे हार्वेस्टर. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; तेव्हापासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचीही त्यात भर पडली आहे. जुन्या गाड्यांत टाटाचे ६९७, लेलँडचे सहा सिलिंडरी आणि ५.९ लिटरचे कमिन्स ‘बी’ मालिकेचे इंजिन प्रामुख्याने भेटतात.

सील खराब होण्याचे मूळ कारण उष्णता. साध्या नायट्राइल रबराचे सील शंभर अंशांच्या थोडे पुढे गेले की हळूहळू कडक होते. फ्लुओरोरबराचे, म्हणजे ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात ते, दोनशे अंशांच्या आसपास टिकते. मे महिन्यात बाहेरच ४० अंशांवर तापमान असताना भरल्या गाडीने चढ चढून आल्या-आल्या चावी बंद केली, की पाण्याचे फिरणे थांबते आणि हेडची उष्णता सीलमध्ये साठते. बंद करण्याआधी तीन-चार मिनिटे इंजिन मंद चालू ठेवण्याचा नियम टर्बोसाठी सांगितला जातो, पण त्याचा लाभ सीललाही होतो. कडक झालेले सील ओळखायला उपकरण लागत नाही. सीलची लिप (दांड्याला चिकटणारी कड) बोटांनी दाबली तर नवी वाकून परत येते, जुनी कडकन तुटते. कधी हे काळे तुकडे ऑइल चेंबरच्या तळाशी सापडतात.

डिझेल इंजिनात ही गळती पेट्रोल गाडीइतकी ठळक दिसत नाही, आणि निदान चुकते ते इथेच. डिझेलला थ्रॉटल नसल्याने इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होत नाही. टर्बो असेल तर लोडवर उलट दाबच असतो. त्यामुळे सीलची गळती गाडी ओढत असताना दिसत नाही. ती दिसते उभ्या गाडीत आणि उतारावर. रात्रभर थांबलेली गाडी सकाळी सुरू केली की निळा धूर येतो आणि दोन-चार मिनिटांत विरतो. बराच वेळ आयडलवर ठेवून एकदम रेस दिली की निळा भपका निघतो. अकोला–वाशीम रस्त्यावरचा पातूर–मेडशीचा घाट इंजिन ब्रेकवर उतरून खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की तोच भपका. याउलट चढावर, भरल्या गाडीत धूर सतत येत असेल आणि ऑइल भरायचे झाकण काढल्यावर आतून जोराने वाफ फेकली जात असेल, तर दोष रिंगा-लाइनरचा आहे. यालाच मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. धूर निळाच, पण इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचलेले आणि टर्बोच्या शाफ्टला हाताला जाणवण्याजोगी ढिलाई असेल, तर आधी टर्बो पाहावा. पांढरा धूर इंजेक्टरकडे किंवा पाण्याकडे नेतो, काळा एअर फिल्टर आणि पंपाकडे.

धूर पाहून थेट ‘हाफ इंजिन’ (रिंगा-लाइनरचे मोठे काम) सांगण्याची घाई फार ठिकाणी होते, आणि त्यात मालकाचा एक हंगाम जातो. म्हणून हेडला पाना लावण्याआधी तीन स्वस्त गोष्टी कराव्यात. ब्रीदर साफ करावा, कारण तो चोंदला की क्रँककेसमधला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल ढकलतो. रॉकर कव्हर काढून ऑइल परत जाण्याची भोके पाहावीत. त्यांत गाळ बसला असेल तर ऑइल सीलच्या वर तुंबते. आणि टाकलेल्या डिझेलसोबत टाकलेले ऑइल वहीत लिहावे. खपलेल्या डिझेलच्या सुमारे अर्ध्या टक्क्यापुढे ऑइल जाऊ लागले की तपास करायचा, हा कामापुरता ठोकताळा आहे. अंतिम शब्द त्या इंजिनाच्या पुस्तकाचा. नंतर कॉम्प्रेशन तपासावे. सर्व सिलिंडर सारखे आणि पुरेसे निघाले तर रिंगांवरचा संशय बराचसा फिटतो. शेवटचा पुरावा मॅनिफोल्ड काढल्यावर मिळतो. ज्या वॉल्व्हचे सील गेले आहे, त्याच्या मागच्या बाजूला दांड्यापासून खाली ओले, चिकट ऑइल आणि त्यावर काजळीचा थर असतो. शेजारचा पोर्ट कोरडा असतो.

सील बदलायला बहुतेक वेळा हेड उतरवावे लागत नाही, हे सांगितलेच पाहिजे. कमिन्स ‘बी’च्या बारा वॉल्व्ह इंजिनात पिस्टन टॉपला आणला की वॉल्व्ह सुटला तरी पिस्टनवर टेकतो, आत पडत नाही. सहा सिलिंडरांत १ व ६, २ व ५, ३ व ४ अशा जोड्या एकाच वेळी टॉपला येतात; म्हणजे इंजिन तीन वेळा थांबवून सगळे काम होते. इतर इंजिनांत इंजेक्टरच्या भोकातून हवेचा दाब देऊन वॉल्व्ह धरतात. तेव्हा क्रँक अचानक फिरू नये म्हणून फ्लायव्हील अडकवावे. पुशरॉडच्या भोकांत आणि ऑइलच्या वाटांत कापड कोंबावे, कारण कॉटर (दांड्यावर स्प्रिंग अडकवून ठेवणारी पाचर) निसटून खाली गेला तर ऑइल चेंबर उतरवण्याची पाळी येते. स्प्रिंग दाबून कॉटर काढले की जुने सील पक्कडने ओढून घ्यावे आणि दांड्याचे टोक व कॉटरची खाच कापडाने पुसावी. खाचेची धार नव्या लिपला पहिल्याच क्षणी चिरते. म्हणून प्लास्टिकची टोपी दांड्यावर चढवून, ऑइल लावून, सील योग्य मापाच्या नळीने सरळ दाबून बसवावे. इनटेक आणि एक्झॉस्टची सील अनेक इंजिनांत वेगळी असतात. एक्झॉस्ट ब्रेकच्या गाडीत ती अदलाबदल झाली तर गाइडमधून गॅस वर रॉकरपर्यंत चढतो. स्प्रिंग बसल्यावर दांड्यावर हलकेच ठोकून कॉटर नीट धरले का पाहावे आणि टॅपेट लावावेत. कमिन्सच्या या बारा वॉल्व्ह इंजिनात टॅपेटची फट थंड अवस्थेत इनटेक ०.२५ व एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर.

याच वेळी, स्प्रिंग सुटलेली असताना, दांडा दोन बोटांनी धरून आडवा हलवावा. डुगडुग जाणवली तर गाइड झिजले आहे. अशा हेडवर नवे सील थोडाच काळ टिकते, कारण प्रत्येक उघडझापीला दांडा लिपला एका बाजूने ढकलतो. गाइड बदलायला किंवा बुश टाकायला हेड उतरवून मशीनवर द्यावे लागते, आणि त्याची सोय वाशीमपेक्षा अकोल्यात अधिक मिळते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत ही गळती अधिक महाग पडते. ऑइलमधील धातूंची राख डीपीएफमधली (धुराच्या फिल्टरमधली) काजळी जाळणाऱ्या रिजनरेशनमध्ये जळत नाही; ती त्याच फिल्टरमध्ये साठत जाते. तिथे निळा धूर दिसेपर्यंत थांबणे परवडत नाही, कारण फिल्टर तो धूर बराच काळ लपवतो. गेज पट्टीवरची पातळी हाच तिथला भरवशाचा इशारा.

काम झाल्यावर गॅरेजमध्ये रेस देऊन पाहण्याला अर्थ नाही. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल जळून जायला काही फेऱ्या लागतात आणि तोवर धूर येतच राहतो. पहिल्या हजार किलोमीटरची ऑइलची नोंद पाहून आणि रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला धूर तपासूनच दुरुस्ती बरोबर झाली की नाही ते ठरवावे.