जुन्या मसल कारच्या टाकीला भोक पाडून आत इलेक्ट्रिक पंप का बसवतात?

'फास्ट अँड फ्युरियस' पाहिला असेल तर डॉमिनिक टोरेटोची ती काळी डॉज चार्जर आठवत असेलच. १९७० चं मॉडेल. अमेरिकेत अशा गाड्या घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचे रील्स आपल्याकडेही फिरत असतात. त्यात एक दृश्य हमखास दिसतं. पन्नास-पंचावन्न वर्षांची गाडी स्टँडवर चढवलेली, पेट्रोलची टाकी खाली उतरवलेली आणि एकजण त्या टाकीला वरून चांगलं वाटीएवढं गोल भोक पाडतोय.

खाली कमेंट असतेच, "चांगल्या टाकीची वाट का लावताय?"

तर त्या भोकातून टाकीत इलेक्ट्रिक फ्युएल पंप सोडला जातो. पंप तसा हाताच्या मुठीत मावणारा. खरं काम आहे ते टाकीचं, वायरिंगचं आणि गाडीला आग लागू न देण्याचं.

मूळ पंप कुठे होता?

१९६४ ची पॉन्टियाक जीटीओ ही बऱ्याच जणांच्या मते पहिली मसल कार. मध्यम आकाराची गाडी आणि त्यात ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. त्या काळच्या जवळजवळ सगळ्याच गाड्यांसारखा हिचाही पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असायचा. कॅमशाफ्ट फिरला की पंपाचा दांडा वर-खाली व्हायचा, आतला रबरी पडदा हलायचा आणि पेट्रोल ओढलं जायचं. वीज नाही, वायर नाही.

हा पंप ५ ते ७ पीएसआय एवढाच दाब देतो. कारच्या टायरमध्ये आपण ३० ते ३३ पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज येईल. कार्ब्युरेटरला तेवढा दाब पुरतो. उलट जास्त दिला तर कार्ब्युरेटरमधली सुई-झडप पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते भसाभस ओसंडतं.

या जुन्या पंपाचा एक गुण नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद.

अडचण अशी की टाकी मागे आणि पंप पुढे. मधल्या तीनेक मीटर पाइपातून पंप पेट्रोल ढकलत नाही, ओढतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तसेही ३५-४० अंश सेल्सियसला उकळायला लागतात. त्यात पाइप गरम इंजिनजवळून जातो आणि अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये आता १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ज्याने मिश्रणाची वाफ व्हायची ओढ आणखी वाढते. पाइपात वाफ झाली की पंप नुसता वाफच घुसळत बसतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. भर उन्हात गाडी सिग्नलला बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते.

पण फक्त एवढ्यासाठी टाकी फोडायची गरज नसते. गाडी कार्ब्युरेटरवरच ठेवायची असेल आणि रविवारी फेरी मारण्यापुरतीच काढायची असेल, तर पाइप उष्णतेपासून दूर वळवणं किंवा त्याला उष्णतारोधक आवरण घालणं हा कमी खर्चाचा उपाय आधी करून बघावा.

टाकीतला पंप खरा लागतो तो फ्युएल इंजेक्शनसाठी. कार्ब्युरेटर काढून त्याच चार बोल्टवर बसणारी इंजेक्शनची किट आता सहज मिळतात. काही जण अख्खं इंजिनच बदलून जनरल मोटर्सचं नवं एलएस इंजिन टाकतात. दोन्हीकडे लागणारा दाब असतो साधारण ५८ पीएसआय. म्हणजे जुन्या पंपाच्या जवळजवळ दहापट.

पंप टाकीतच का, बाहेर का नाही?

बाहेर चॅसिसवर बसणारे पंपही मिळतात आणि ते बसवायला सोपे असतात. पण हे पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चे. बाहेर असले की त्यांनाही थोडं तरी ओढावंच लागतं. शिवाय ते तापतात आणि आवाज करतात. टाकीत बुडालेल्या पंपाला ओढायचं काही उरत नाही. भोवतीचं पेट्रोल त्याला थंड ठेवतं आणि आवाजही दाबतं.

यात नवीन असं काही नाही. शेव्हरोलेने १९७१ च्या व्हेगा या छोट्या गाडीत पंप टाकीतच दिला होता. आज रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल कारमध्ये तो तिथेच असतो. आपल्याकडे २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यानंतरच्या बहुतेक बाइकमध्येसुद्धा. चावी फिरवल्यावर दोन सेकंद टाकीतून जो 'झ्झीं' आवाज येतो ना, तोच हा पंप.

आता तुम्ही म्हणाल, पेट्रोलमध्ये विजेची मोटर, मग स्फोट कसा होत नाही? पेट्रोल जळायला हवा लागते आणि तीही ठरावीक प्रमाणात. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. मोटरचा आतला भाग पेट्रोलने भरलेला असतो, तिथे हवाच नसते. टाकीतल्या पेट्रोलच्या वरच्या रिकाम्या जागेत वाफ सहसा इतकी दाट असते की ती पेटण्याच्या मर्यादेबाहेर जाते.

आणि याच कारणाने रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. पेट्रोल काढून घेतलं, टाकी उघडी ठेवली की हवा आत शिरते. पत्र्याला, सांध्यांना आणि तळातल्या गाळाला चिकटलेल्या पेट्रोलची वाफ होत राहते आणि मिश्रण नेमकं पेटण्याजोगं होतं. अशा वेळी ड्रिल चालवलं किंवा वेल्डिंगची ठिणगी पडली तर टाकी म्हणजे बॉम्बच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत पसरत दूरच्या हीटरपर्यंतही पोहोचते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये हे काही दाखवत नाहीत. जुनी टाकी आधी व्यावसायिक पद्धतीने धुऊन, वाफमुक्त करून घ्यावी लागते. त्यापेक्षा बरेच जण पंपाची जागा आधीच केलेली नवी टाकी विकत घेतात. माझ्या मते तोच शहाणपणाचा रस्ता. पन्नास वर्षांच्या टाकीत आतून गंज असतो आणि तो नव्या पंपाची जाळी तुंबवतोच.

पेट्रोल हिंदकळतं, त्याचं काय?

मसल कार म्हणजे जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबणं आलंच. गाडी सुसाट सुटली की टाकीतलं पेट्रोल मागे धावतं, वळणावर एका बाजूला जातं. टाकी पाव भरलेली असेल तर पंपाचं तोंड क्षणभर उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. कार्ब्युरेटरमध्ये छोटा साठा असल्यामुळे तो क्षण निभावून जायचा. इंजेक्शनमध्ये दाब लगेच पडतो आणि इंजिन अडखळतं. त्या झटक्यात इंजिनला कमी पेट्रोल मिळालं तर पिस्टनलाही इजा होऊ शकते.

म्हणून पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी काहीतरी सोय लागते. नव्या टाक्यांमध्ये पत्र्याची कप्प्यासारखी पेटी असते. जुनी टाकी वापरायची असेल तर एरोमोटिव्ह कंपनीच्या फँटमसारख्या किटमध्ये पंपाभोवती फोमचं कडं येतं. होलीची हायड्रामॅट नावाची चटई तळाशी पसरते आणि जिथे पेट्रोल असेल तिथून शोषून घेते.

गाडीप्रमाणे अडचणी बदलतात. पहिल्या पिढीच्या कॅमेरोत टाकी डिकीच्या खाली पट्ट्यांनी टांगलेली असते आणि वर जागा अगदी कमी, त्यामुळे पंपाचं झाकण खोलगट लागतं. मस्टँगची गोष्ट गंभीर आहे. १९७० पर्यंतच्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, आणि डिकी व मागच्या सीटमध्ये पत्र्याची भिंत नाही. तिथे वरून पंप बसवला की ५८ पीएसआयचा पाइप डिकीतच येतो. एखादा जोड गळला तर वास आणि वाफ थेट माणसं बसतात तिथे.

छोट्या वस्तू, मोठा घोळ

पंप आणि झाकण जोडणारा वीतभर होज पाइप टाकीत कायम बुडालेला असतो. साधा इंजेक्शनचा होज आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही. इथे एसएई ३०आर१० दर्जाचा, बुडवून वापरायचाच होज लागतो. चुकीचा टाकला तर काही महिन्यांत तो फुगतो, फाटतो आणि लोक दोष देतात पंपाला.

जास्तीचं पेट्रोल टाकीत परत यायला दुसरा पाइप लागतो, जो मूळ गाडीत बहुधा नसतोच. यावर एक भारी जुगाड आहे. १९९९ ते २००३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्येच ५८ पीएसआयचा रेग्युलेटर असतो. तो टाकीजवळ बसवला की परतीचा पाइप हातभर लांबीचा पुरतो आणि पुढे इंजिनकडे एकच पाइप जातो.

टाकीला श्वास घ्यायलाही जागा हवी. १९६० च्या दशकातल्या कित्येक गाड्यांमध्ये झाकणाच्या भोकातून हवा यायची. नव्या पंपाबरोबर वेगळी नळी आणि गाडी उलटल्यावर बंद होणारी झडप बसवतात.

पेट्रोलचा काटा विसरू नका. जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांत टाकी रिकामी असताना ० आणि भरलेली असताना ९० ओहम असतो. फोर्डमध्ये उलटं, रिकामी ७३ आणि भरलेली १०. कॅमेरोत फोर्डच्या मापाचा सेंडर बसला तर टाकी रिकामी होईल तसा काटा 'फुल'कडे सरकेल. पंप तर पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे खोटा काटा म्हणजे एक दिवस जळालेला पंप.

अपघात झाला तर पंप बंद कोण करणार?

जुना पंप इंजिनबरोबर थांबायचा. इलेक्ट्रिक पंपाला थेट चावीवर जोडलं तर गाडी ठोकली, पाइप तुटला, इंजिन बंद पडलं, तरी तो चावी बंद होईपर्यंत पेट्रोल फेकत राहतो. समोर गरम सायलेन्सरचे पाइप.

त्यामुळे पंपाला वीज रिलेमधून जाते आणि त्या रिलेचा ताबा इंजेक्शनच्या कॉम्प्युटरकडे असतो. इंजिन फिरत नसेल तर दोन-तीन सेकंदांत वीज तोडली जाते. कार्ब्युरेटर ठेवलेल्या गाडीत हे काम ऑइल प्रेशर स्विचकडून करून घेतात. शिवाय इनर्शिया स्विच लावावा. धडक बसली की तो आपोआप सर्किट तोडतो. फोर्डने तो १९८० च्या दशकापासून आपल्या गाड्यांत दिलाय आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो.

वायर जाड हवी, बॅटरीजवळ फ्यूज हवा आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्याला करायला हवं. पंपाला साडेतेरा व्होल्टऐवजी अकरा मिळाले तर तो पेट्रोलही कमी देतो. ४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनला पूर्ण जोरात तासाला साधारण १२०-१२५ लिटर पेट्रोल लागतं. तासाला २५५ लिटरचा प्रचलित पंप त्याला भरपूर झाला. त्याहून मोठा घेतला तर जास्तीचं पेट्रोल टाकीत फिरून-फिरून तापतं, एवढंच.

पहिल्यांदा सुरू करताना इंजिन चालू करायचं नाही. थोडंच पेट्रोल टाकून, चावी चार-पाच वेळा फिरवून नुसता दाब येऊ द्यायचा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून बघायचा. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून.

इंजिनवरचा जुना पंप काढल्यावर तिथे भोक उरतं. ते झाकायला गॅस्केटसह छोटी पट्टी मिळते. पण बोनेट उघडल्यावर गाडी १९६८ चीच दिसावी असा हट्ट असणारे काही जण जुना पंप आतला दांडा काढून तिथेच ठेवतात. त्याला पाइप जोडलेला नसतो, फक्त शोभेला.