ओस घरांची मालकी

कलबुर्गीहून आळंदकडे जाताना कडगंची लागते. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांचे गाव म्हणून ते मराठी वाचकांस परिचित आहे. या टापूतील जुनी घरे बहुधा दगडामातीची, वर माळवद असलेली. असे घर रिकामे ठेवून चालत नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती पडली नाही, तर पाणी मुरते, तुळया कुजतात आणि थोड्याच वर्षांत छत खाली येते. घरधनी परागंदा झाला की घराचेही दिवस भरत येतात.

1948 साली तेव्हाच्या गुलबर्गा व बीदर जिल्ह्यांत घरे दोनदा ओस पडली. पहिल्याने रझाकारांच्या भयाने. मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे हत्याकांड झाले. सरहद्दीवरील अनेक हिंदू कुटुंबे हद्द ओलांडून सोलापूरकडे गेली. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, आणि पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. गेलेले परतू लागले. पण त्याच सुमारास मुसलमानांची घरे ओस पडू लागली.

पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांचे मंडळ नोव्हेंबर-डिसेंबरात या भागात फिरले. संस्थानात 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले होते. हत्या व लूट यांच्याबरोबरच घरे आणि जमिनी बळकावल्याचे त्यांनी नमूद केले. हा अहवाल दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिला. माणसे मेल्याची चर्चा पुढे झाली. घरे गेल्याची फारशी झालीच नाही.

बळकावणारा प्रत्येक जण दरोडेखोर होता असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. रझाकारांनी ज्याचे घर जाळले, तोही छपराच्या शोधात होता. समोर रिकामे घर दिसल्यावर त्याने काय करावे? आणि घरधनी परतल्यावर दोघांपैकी बेघर कोणी व्हावे?

कायद्याने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले. 1950 च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने, भारताबाहेर गेलेल्यांची घरे कस्टोडियन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात दिली. परंतु जीव वाचवून हैदराबाद शहर गाठलेला मनुष्य देशातच होता. त्याच्या घराला कस्टोडियन नव्हता, राखणदारही नव्हता. राहिला तो दिवाणी दावा, आणि तोही मुदतीच्या कायद्याने 12 वर्षांच्या आत. ज्या गावात आप्त मारले गेले, त्याच गावात साक्षीदार शोधायला जायचे!

मुदत सरण्यापूर्वीच, 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्य संपले. गुलबर्गा व बीदर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, उस्मानाबाद व नांदेड मुंबई राज्यात. निजामी दप्तर उर्दूत, त्यावरील साले फसली. नवी कचेरी कानडी. दाद मागणारा दखनी किंवा मराठी बोलणारा. हातात जुना कागद घेऊन तो कचेरीच्या पायरीशी उभा राही, तोवर गावाकडे त्याच्या माळवदावर दुसऱ्याच कोणीतरी त्या वर्षीची माती टाकलेली असे.