परराज्याचा दाखला

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांवर बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. धाराशिव जिल्ह्यात केशेगावला जा नाहीतर मुरूमला, सोहळा तोच. एखाद्या जोडप्याच्या हस्ते पूजा, नारळ, भट्टीत अग्नी, मग संचालक मंडळाचा फोटो. त्या फोटोत सहसा नसतो तो बॉयलर अटेंडंट. हंगाम संपेपर्यंत पाण्याच्या काचेवर आणि दाबाच्या काट्यावर नजर त्याची, आणि त्या नजरेला सरकारनं परीक्षा घेऊन दिलेला दाखला. हा दाखला एका राज्यात मिळवला आणि पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेलं, तर तो तिथं चालतो का? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचं कूळ दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

१८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला आणि बरीच माणसं मेली. लगेच पुढच्या वर्षी बंगालनं कायदा केला; कलकत्ता शहर आणि उपनगरांतले वाफेचे बॉयलर तपासायचे, एवढाच त्याचा आवाका. मग इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. मुंबई इलाख्याचा वेगळा, इतरांचे वेगळे, असे एकूण सात झाले. बॉयलर विलायतेत बनायचा, बंदरावर उतरायचा, आणि कुठल्या प्रांतात जातो त्यावर त्याचे नियम ठरायचे. पोलाद तेच, वाफ तीच, पण कागद बदलला.

आपल्याकडे तर याहून गंमत होती. सोलापूर इंग्रजांचं, त्यामुळे तिथल्या कापड गिरण्यांना मुंबईचा कायदा. तुळजापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरावर निजामाची हद्द लागायची. तिथं नाणं हाली सिक्क्याचं, जकात करोडगिरीची आणि कायदे हैदराबादचे. गिरणीत काम करून परत आलेल्या माणसाच्या हातातली विद्या हद्दीवर कुणी काढून घेत नसे. पण त्या विद्येचा कागद पलीकडच्या सरकारचा होता.

या सात कायद्यांना कारखानदार आणि बॉयलर बनवणारे दोघंही कंटाळले. १९२० मध्ये केंद्र सरकारनं बॉयलर कायदे समिती नेमली. समितीनं स्पष्टच सांगितलं की प्रांतांचे कायदे किरकोळ बाबींतच नव्हे, मुळातच एकमेकांपासून वेगळे आहेत. त्यातून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला.

नेमक्या त्याच काळात अमेरिकेलाही हेच दुखणं जडलं होतं. १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली. त्या राज्यानं नियम केले, मग ओहायोनं केले, आणि एका राज्यात पास झालेला बॉयलर दुसऱ्या राज्यात नापास ठरू लागला. तिथं राज्यांना एका कायद्याखाली आणणं सोपं नव्हतं. म्हणून १९१९ मध्ये तपासनिसांनीच एक राष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. मंडळानं मान्य केलेला तपासनीस आणि मंडळाचा शिक्का एकमेकांनी मानायचा, असा तो सलोखा. आजही तिकडे प्लंबिंगचे आणि घर तापवण्याच्या यंत्रणेचे कंत्राटदार राज्याराज्यांतल्या अशाच करारांवर हद्द ओलांडतात. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर प्लंबरचा परवाना राज्य देतच नाही, तो शहरं देतात. (आपल्याकडे घर तापवायला कंत्राटदार लागत नाही, ते काम वैशाख फुकटात करतो. आणि आंघोळीचा बंब आपल्या बॉयलर कायद्यात बसतच नाही. १९२३ च्या व्याख्येत २२.७५ लिटरहून मोठं, बंद आणि दाबाखाली वाफ करणारं भांडं म्हणजे बॉयलर. हा विचित्र आकडा म्हणजे पाच गॅलन.)

आपल्या १९२३ च्या कायद्यात एक मेख होती. यंत्राची हद्द त्यानं जवळजवळ पुसून टाकली. बॉयलर दुसऱ्या राज्यात हलवला तर ते रीतसर कळवायचं, अंगावर कोरलेला नोंदणी क्रमांक तोच राहणार. माणसाचं मात्र राज्य सरकारांवर सोडलं. बॉयलरपाशी दाखलेवालाच माणूस हवा असा नियम राज्यानं केला, तर तो त्या नियमाप्रमाणे हवा. लोखंड देशाचं झालं, अटेंडंट राज्याचाच राहिला. परराज्यातल्या दाखल्याला मान्यता द्यायची की नाही, हे ज्या त्या राज्याचे नियम ठरवणार.

धाराशिवच्या माणसाला तर जागचं न हलता राज्य बदलण्याची सवय आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम, मग हैदराबाद राज्य. १९५१ मध्ये संसदेनं कायदा करून देशाचे अनेक कायदे हैदराबादसारख्या ‘ब’ वर्ग राज्यांत नेले. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात सोय होती की जुने कायदे त्या त्या भागात, बदलले जाईपर्यंत, चालू राहतील. नाहीतर एका रात्रीत किती कागद रद्दी झाले असते, कोण जाणे. अटेंडंटच्या दाखल्याची राज्यापुरती हद्द मात्र त्यानंतरही पन्नास वर्षं टिकली. २००७ च्या दुरुस्तीनं हे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे गेला आणि २०११ मध्ये बॉयलर अटेंडंटसाठी देशभर एकच नियम आले. २०२५ मध्ये तर मूळ कायदाच नव्यानं लिहिला गेला.

विजेचं काम करणाऱ्यांची गाडी अजून मधल्या स्टेशनातच आहे. १९५६ च्या वीज नियमांतला ४५ वा नियम सांगायचा की बल्ब, फ्यूज बदलण्यापलीकडचं काम राज्याचा परवाना असलेल्या कंत्राटदारानंच करावं, आणि हात लावणाऱ्याकडे राज्य सरकारनं दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा. परराज्यातल्या वायरमनची वाट त्या ‘किंवा’मधून जाते. आयटीआयचं तारतंत्रीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालतं, परवाना मात्र राज्याचा. उमरग्याचा वायरमन बसवकल्याणच्या कामावर गेला, तर त्याला कर्नाटकाची मान्यता लागते. तिकडचा इकडे आला तर महाराष्ट्राची. नळ कारागिराची हद्द याहून लहान. मुख्य वाहिनीवरून नळजोडणी करायचा परवाना नगरपालिका किंवा महानगरपालिका देते, आणि तो तिच्याच वेशीपर्यंत. शिकवण तीच, आयटीआय तेच, पण पाण्याच्या वाफेला जी मोकळीक मिळाली ती पाण्याला मिळाली नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. बॉयलरला जमलं ते नळाला न जमण्यासारखं त्यात काही नाही.

तोवर सीमेलगतच्या गावांत घर बांधणाऱ्यांनी एवढं करावं. वायरिंग देण्याआधी कंत्राटदाराचा परवाना मागून बघावा आणि त्यावर कोणत्या राज्याचं नाव आहे ते वाचावं. नव्या वीजजोडणीला लागणाऱ्या चाचणी अहवालावर सही परवानाधारक कंत्राटदाराचीच लागते.